हवा बिघडली म्हणून घरून काम करताय? मग आधी एक खोली ठीक करा

प्रश्न असा आहे: शहरातलं प्रदूषण वाढलं की कार्यालयं 'घरून काम करा' म्हणतात. त्यानं तब्येतीला खरोखर फायदा होतो का? आणि घरी बसायचंच तर काय तयारी करावी?

फायदा होतो, पण आपोआप होत नाही. घर म्हणजे हवाबंद डबा नव्हे. खिडक्या उघड्या असतील तर बाहेरच्या पीएम २.५ (म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक धूळ) पैकी ८० ते ९० टक्के कण आतही असतात. खिडक्या नुसत्या लावून घेतल्या तरी साधारण निम्मे फटींतून येतातच. घरी थांबल्यानं खात्रीनं टळतो तो फक्त प्रवास. बाकीचं सगळं तुम्ही ज्या खोलीत आठ-दहा तास बसणार त्या खोलीवर अवलंबून आहे.

आकडे मांडून बघू. समजा बाहेर पीएम २.५ दर घनमीटरला २०० मायक्रोग्रॅम आहे आणि गर्दीच्या रस्त्यावर २५०. बसून काम करणारा माणूस तासाला साधारण अर्धा घनमीटर हवा आत घेतो, दुचाकी चालवताना ०.७ धरू. जाऊन-येऊन दीड तासाचा दुचाकी प्रवास म्हणजे सुमारे २६० मायक्रोग्रॅम धूळ फुफ्फुसात. कार्यालयात चांगले फिल्टर असतील आणि आतला आकडा ३० असेल, तर नऊ तासांत १३५ ची भर पडते; एकूण ४०० च्या आत. आता तेच साडेदहा तास घरी काढा. खिडक्या बंद, प्युरिफायर (हवा गाळणारं यंत्र) नाही, आतला आकडा ११० च्या आसपास: जवळपास ५८०. खिडक्या उघड्या असतील तर ८९०. म्हणजे चांगलं कार्यालय सोडून गळक्या घरात बसलात तर उलट जास्त धूळ खाल्लीत. उलट कार्यालयच उघड्या खिडक्यांचं असेल तर प्रवास धरून आकडा हजारावर जातो, आणि तिथे साधं घरही बरं ठरतं. नीट बंद केलेल्या, प्युरिफायर लावलेल्या खोलीत मात्र हाच आकडा ८५ वर येतो. खरा फरक इथे पडतो.

या हिशोबात एक गोष्ट सुटते. वजनात मोजलेली धूळ सगळी सारखी नसते. रस्त्यावर डिझेलचा काळा कार्बन, नायट्रोजन डायऑक्साइड आणि अतिसूक्ष्म कण यांचा मारा असतो आणि अतिसूक्ष्म कणांना वजन जवळपास नसतंच. त्यामुळे प्रवास टाळण्याचा फायदा वरच्या २६० पेक्षा मोठा धरा. दमा, हृदयविकार असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी तर नक्कीच.

शहराला काय फायदा, हा वेगळा प्रश्न आहे आणि तिथे अपेक्षा बेतानं ठेवाव्यात. गाड्या कमी झाल्या की रस्त्यालगतचा नायट्रोजन डायऑक्साइड आणि काळा कार्बन लगेच उतरतो. पीएम २.५ तसा ऐकत नाही, कारण त्यातला बराच भाग गाडीच्या नळीतून थेट येतच नाही. नायट्रोजन ऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड आणि अमोनिया यांच्यापासून तो हवेतच काही तासांत, कधी काही दिवसांत तयार होतो, आणि वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटरवरूनही येतो. २०२० च्या टाळेबंदीत हे जगभर दिसलं: नायट्रोजन डायऑक्साइड उपग्रहांतून दिसण्याइतका घसरला, पीएम २.५ त्यामानानं कमी उतरला आणि काही शहरांत ओझोन तर वाढला. एक मुद्दा मात्र घरून कामाच्या बाजूचा आहे आणि तो फारसा कुणी मांडत नाही. ब्रेक, टायर आणि रस्त्याच्या घर्षणातून उडणारी धूळ इलेक्ट्रिक गाडीनंही थांबत नाही. गाडी रस्त्यावर आलीच नाही तरच थांबते.

हा फायदा घालवायचा सोपा मार्ग म्हणजे घरून काम करताना दुपारी दहा मिनिटांच्या कामासाठी गाडी काढणं. इंजिन थंड असतं तेव्हा धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही थंड असतो आणि पहिली काही मिनिटं तो जवळजवळ निकामी असतो. अशा तीन छोट्या फेऱ्या कधीकधी एका लांब प्रवासाइतकी घाण करतात. कामं एकत्र करा, पायी होत असतील तर पायी करा.

आता खोली. सगळं घर स्वच्छ ठेवायच्या मागे लागू नका, तिथेच गाडं अडतं. एक खोली निवडा: रस्त्याच्या उलट बाजूची, स्वयंपाकघरापासून लांबची, खिडक्या कमी असलेली, शक्यतो जिथे रात्री झोपताही तीच. लांबी, रुंदी, उंची मीटरमध्ये गुणा. ३ × ४ × २.८ ची खोली ३४ घनमीटरची होते. तासाला पाच वेळा हवा गाळली जावी असं धरलं तर प्युरिफायरचा सीएडीआर, म्हणजे तासाला किती स्वच्छ हवा देतो तो आकडा, १७० घनमीटर हवा. आकडा घनफूट प्रतिमिनिट असा दिला असेल तर १.७ ने गुणा. खोक्यावर 'इतक्या चौरस फुटांसाठी' असं ठळक छापलेलं असतं तिकडे बघू नका. तो आकडा बरेचदा तासाला दोन-तीन फेऱ्या धरून फुगवलेला असतो.

आणि इथेच बहुतेकांची खरेदी फसते. सीएडीआर मोजतात तो पंखा पूर्ण वेगात असताना. पूर्ण वेगात यंत्र इतकं घोंघावतं की पहिल्याच व्हिडिओ कॉलला माणूस ते सर्वात हळू वेगावर टाकतो. हळू वेगात मूळ आकड्याच्या चौथा-तिसरा हिस्साच उरतो. दिवसभर यंत्र चालू, आतला आकडा मात्र ७० च्या खाली येत नाही, अशी तक्रार असेल तर कारण बहुधा हेच. उपाय एकच, यंत्र मोठं घ्या. १७० ची गरज असेल तर ३०० ते ३५० सीएडीआरचं घ्या आणि मधल्या वेगावर चालवा. फिल्टर खरा हेपा हवा: एच १३ म्हणजे सर्वात निसटत्या आकाराचे ९९.९५ टक्के कण पकडणारा. 'हेपासारखा' असं लिहिलेलं सोडून द्या. आयोनायझर (कणांना विद्युतभार देणारी सोय) असेल तर बटण बंद ठेवा आणि मुद्दाम ओझोन सोडणारं यंत्र घरात आणूच नका.

ऑटो मोडवर विसंबू नका. यंत्राचा सेन्सर यंत्राच्याच अंगाला चिकटलेला असतो, म्हणजे खोलीतली सर्वात स्वच्छ हवा त्याला मिळते. तो 'सगळं छान' म्हणतो आणि पंखा मंदावतो, तर तिकडे तुमच्या टेबलापाशी आकडा चढलेला असतो. वेग हातानं ठरवा. यंत्र भिंतीपासून ३० ते ५० सेंटीमीटर पुढे ठेवा, पडद्याआड किंवा सोफ्यामागे नको. नवीन यंत्र सुरू करण्याआधी मागचं झाकण उघडून फिल्टर बाहेर काढा. त्यावर पारदर्शक प्लास्टिकची पिशवी असते आणि ती तशीच ठेवून महिनोन्‌महिने यंत्र चालवणारे लोक तुम्हाला वाटतात त्यापेक्षा बरेच जास्त आहेत.

यंत्रापेक्षाही फटींकडे लक्ष देणं स्वस्त पडतं. वरच्या उदाहरणात बंद खोलीत तासाला अर्धा वेळा, म्हणजे अर्ध्या खोलीइतकी, बाहेरची हवा येते असं धरलं तर प्युरिफायरसह आतला आकडा १६ च्या आसपास राहतो. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची २४ तासांची मर्यादा १५ आहे, म्हणजे बाहेर २०० असताना आपण जवळपास तिथे पोचलो. गळती तासाला दीड वेळा झाली तर त्याच यंत्रानं ४० मिळतात. खिडकी सताड उघडी ठेवली तर ८५ च्या वर. मोठं यंत्र घेऊन खिडकी किलकिली ठेवणं म्हणजे बुडाला भोक असलेली बादली मोठ्या नळाखाली धरणं.

फटी शोधायला टिश्यू पेपरची दोन सेंटीमीटर रुंद, वीतभर लांब पट्टी फाडा. पंखे बंद करा, शेजारच्या स्वयंपाकघराचा किंवा न्हाणीघराचा एक्झॉस्ट फॅन चालू करा आणि खोलीचं दार थोडं उघडं ठेवा, म्हणजे खोलीतली हवा ओढली जाऊन बाहेरची आत येऊ बघते. आता पट्टी खिडकीच्या चौकटीपासून बोटभर अंतरावर धरून सावकाश फिरवा. जिथे पट्टी आत वाकते तिथे फट आहे. सरकत्या खिडकीत ती हमखास तीन ठिकाणी वाकते: दोन झडपा एकमेकींवर येतात तिथली केसाळ पट्टी झिजलेली असते, खालच्या रुळात पाणी जायला ठेवलेली भोकं असतात, आणि कडी लागते तिथे झडप चौकटीला पुरती टेकत नाही. झडपांच्या मधल्या फटीत फोमची पट्टी लावू नका, दोन दिवसांत घासून निघते. तिथे मोसमापुरती कागदी चिकटपट्टी उभी लावून टाका. रुळाची भोकंही चिकटपट्टीनं बंद होतात, फक्त पावसाळ्याआधी ती काढायची आठवण ठेवा, नाहीतर पाणी घरात येईल. फोम शोभतो तो बिजागरीच्या खिडक्यांना, ६ ते १० मिलिमीटर जाडीचा, झडप लावल्यावर अर्धा दबेल असा. एसीची नळी भिंतीतून जाते तिथलं भोक पुट्टीनं बुजवा. दाराखाली पायपुसणं किंवा गुंडाळलेला टॉवेल चालतो.

पण थांबा. ज्या खोलीत किंवा तिला लागून गॅसचा गीझर, धुराडं नसलेला हीटर किंवा शेगडी चालते ती खोली अशी बंद करायची नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि प्युरिफायर त्याचं काहीही करू शकत नाही. ही गोष्ट धुळीपेक्षा कितीतरी पटींनी घातक आहे. वीज गेली म्हणून गॅलरीत जनरेटर लावणंही त्याच जातीचं. प्युरिफायरला साधारण ३० ते ६० वॅट लागतात, इन्व्हर्टरवर तो आरामात चालतो.

खोली बंद केली की दुसरं दुखणं येतं. एक माणूस तासाला सुमारे १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. वरच्या खोलीत तुम्ही एकटे असाल तर चार तासांनी तो १,३५० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १,३५० भाग) आसपास जातो, दोघं असाल तर २,२०० च्या वर. डोकं जड होणं, दुपारी डुलक्या येणं याचं खापर लोक प्रदूषणावर फोडतात, पण तो बंद खोलीचा परिणाम असतो. प्युरिफायर वायू काढत नाही आणि स्प्लिट एसीही आतलीच हवा फिरवतो, त्याची जाळी केस आणि तंतू अडवते, पीएम २.५ नाही. खिडकीच्या एसीला बाहेरची हवा घ्यायची झडप असेल तर ती बंद आहे ना, ते बघून घ्या. मग करायचं काय? दिवसातून दोनदा दहा मिनिटं खिडकी पूर्ण उघडा, लगेच बंद करा आणि प्युरिफायर अर्धा तास पूर्ण वेगात टाका. पाच फेऱ्यांच्या यंत्रानं अर्ध्या तासात खोली पुन्हा जागेवर येते. दोन्ही वेळचं मिळून जास्तीची ३० मायक्रोग्रॅम धूळ फुफ्फुसात जाते, तेवढी परवडते. दिवसभर किलकिली ठेवलेली खिडकी परवडत नाही.

खिडकी उघडायची वेळ ऋतूवर ठरते. थंडीत पहाटे आणि रात्री जमिनीलगत गार हवेचा थर अडकतो आणि धूर त्याखाली कोंडतो. दुपारी ऊन तापलं की थर फुटतो. म्हणून थंडीत दुपारी दोन ते चार ही बरी वेळ. 'सकाळची ताजी हवा' ही कल्पना अशा शहरात विसरा. उन्हाळ्यात उलटं: ओझोन दुपारीच चढतो, तेव्हा खिडकी सकाळी लवकर उघडा. खिडकी बंद असली की ओझोन बराचसा भिंती-पडद्यांवर आदळूनच संपतो, त्याला वेगळं यंत्र लागत नाही.

घरात तयार होणारी धूळ विसरू नका. तळणं, फोडणी, भाजणं यांनी आकडा काही मिनिटांत शेकड्यात जातो, तेव्हा कामाच्या खोलीचं दार बंद आणि स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट चालू, शिवाय स्वयंपाकघराचीच खिडकी थोडी उघडी. नाहीतर एक्झॉस्ट तुमच्या खोलीच्या फटींतून बाहेरची हवा ओढेल. उदबत्ती, डासांची कॉइल, सुगंधी मेणबत्ती या खोलीत नको. कोरडा झाडू नको, ओल्या फडक्यानं पुसा. लेझर प्रिंटर दुसऱ्या खोलीत ठेवा.

आकडा मोजायला छोटं लेझर मीटर पुरतं, पण ते टेबलावर, नाकाच्या उंचीला ठेवा. ते कणांवरून उडणारा प्रकाश मोजतं, म्हणून धुक्यात बाहेर धरलं तर पाण्याच्या थेंबांनाही धूळ समजतं. घरात आकडा हमखास चढवतो तो अल्ट्रासॉनिक ह्युमिडिफायर (हवेत बारीक फवारा सोडून ओलावा वाढवणारं यंत्र). त्यात क्षारयुक्त पाणी घातलं की क्षारांची बारीक पूड हवेत उडते आणि प्युरिफायर जोरात चालू असूनही आकडा तीनशेवर दिसतो. इथे मीटर खोटं बोलत नाही, ती पूड खरोखरच हवेत असते. पाणी ऊर्ध्वपातित वापरा किंवा तो बंद करा.

फिल्टर काळा पडला म्हणजे गेला असं नाही; हवा कमी येऊ लागली की गेला. बाहेरची जाळी दोन ते चार आठवड्यांनी व्हॅक्यूमनं किंवा पाण्यानं साफ करा, हेपा मात्र कधीही धुवायचा नाही. घाणेरड्या मोसमात तो कंपनीनं सांगितलेल्या मुदतीच्या आधीच भरतो. वास शोषणारा पातळ कार्बनचा थर काही आठवड्यांत संपतो, त्यावर फार जीव टाकू नका.

पैशाची अडचण असेल तर २०२० मध्ये रिचर्ड कॉर्सी आणि जिम रोझेंथल यांच्या कल्पनेतून आलेली पेटी करून बघा: २० इंची चौकोनी पंखा, मर्व्ह १३ दर्जाचे (मर्व्ह म्हणजे फिल्टर किती बारीक कण अडवतो त्याची श्रेणी) २० × २० × २ इंचाचे चार फिल्टर, तळाला पुठ्ठा, सांधे चिकटपट्टीनं बंद. फिल्टरवरचे बाण आतल्या बाजूला, पंखा वर तोंड करून. पंख्याचे चार कोपरे पुठ्ठ्यानं झाका, नाहीतर तिथून हवा उलटी आत शिरते. याच पंख्यापुढे एकच जाड हेपा बांधण्याचा मोह टाळा: पंख्याला तेवढा दाब झेपत नाही, हवा जेमतेम येते आणि मोटर तापते.

घरून कधी काम करायचं हे ठरवताना हवेचा निर्देशांक जसाच्या तसा घेऊ नका. एक तर प्रत्येक देशाची पट्टी वेगळी. पीएम २.५ जर ६० असेल तर भारताच्या पट्टीवर तो १०० म्हणजे 'समाधानकारक' आणि अमेरिकेच्या २०२४ च्या पट्टीवर १५० च्या वर, 'अनारोग्यकारक'. दुसरं, बरेच निर्देशांक २४ तासांच्या सरासरीवर चालतात, म्हणजे तुम्हाला आज दिसतं ते कालचं. दर तासाचा मायक्रोग्रॅममधला आकडा आणि उद्याचा अंदाज बघा.

कार्यालय चालवणाऱ्यांची नेमकी इथेच चूक होते. हवा तीन दिवस बिघडल्यावर चौथ्या दिवशी सकाळी नऊला संदेश येतो, तोवर निम्मे लोक रस्त्यात असतात. अंदाजावरून आदल्या संध्याकाळी सहाच्या आत ठरवा, आणि कोणत्या आकड्यावर घरून काम ते आधीच लिहून ठेवा, म्हणजे रोज वाद नको. आधी कुणाला घरी बसवायचं? आजारी आणि गरोदर माणसं पहिली, मग दूरवरून एकट्यानं गाडी किंवा दुचाकीवर येणारे. रेल्वेनं येणाऱ्याला घरी ठेवून शहराच्या हवेत फार फरक पडत नाही, त्याच्या तब्येतीला पडू शकतो. ज्याच्या घरी धड खोली नाही त्याच्यासाठी फिल्टर असलेलं कार्यालय उघडं ठेवा; सक्तीनं घरी बसवलंत तर त्याला आगीतून फुफाट्यात टाकलंत. उरलेल्यांना एकाच मजल्यावर बसवा, बाकी मजल्यांची यंत्रणा बंद करा. चालू ठेवलेल्या मजल्यावर बाहेरची हवा पूर्ण तोडू नका, मर्व्ह १३ किंवा त्याहून वरच्या फिल्टरमधून थोडी येऊ द्या.

पहारेकरी, चालक, सफाई करणारे, माल पोचवणारे यांना घरून काम नाहीच. त्यांच्यासाठी वेळा सरकवणं हाच मोठा उपाय आहे: थंडीत अकराला येणं आणि पाचच्या आत निघणं. सोबत एन ९५ मास्क, कापडी नव्हे. दोन्ही पट्ट्या डोक्यामागे, एक वर आणि एक मानेवर. नाकावरची तार दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून बसवायची. मग हात मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडायचा. चष्मा धुरकटला किंवा गालाशी वारा लागला तर मास्क बसलेला नाही, पुन्हा बसवायचा. दाढी असेल तर तो कधीच नीट बसत नाही.